नवख्याची सवलत

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची ताटं उचलायच्या आधीच काकासाहेबांचं काय करायचं ते ठरून गेलं. ते स्वतः तिथंच होते. खिडकीजवळच्या खुर्चीत, उजवा हात मांडीवर पालथा टाकून बसलेले. दोन्ही लेक त्यांच्यासमोरच बोलत होते, पण झोपलेल्या लेकराच्या अंगावरून बोलावं तसे.

"मंगळवारी घेऊन जातो मी," धाकटा राधेश्याम म्हणाला. "आमच्या कॉलनीच्या मागंच व्यायामाचं सेंटर हाय. तिथली पोरगी हाताचा व्यायाम घेते, बोलायचं बी शिकवते. इथं केदारखेड्यात काय व्हायचंय?"

"बराबर हाय," थोरला रामप्रसाद म्हणाला. "मी दिसभर कापसात. वेचणीला माणूस भेटंना झालंय. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

"आणि आत्याबाई?" राधेश्यामच्या बायकोनं, सुरेखानं विचारलं.

"आई इथंच. संभाजीनगरच्या दोन खोल्यांत किती माणसं कोंबायची?"

थोरली सून नंदा खरकटी ताटं एकात एक घालत होती. ती गावच्या अंगणवाडीत सेविका. "आत्याबाई गेल्या तर माझं तर काही खरंच न्हाई," ती म्हणाली. "दुपारपस्तोर घर कुणावर टाकू मी?"

"मंग झालं तर," राधेश्याम म्हणाला. "आबा तिकडं, आई इकडं. सहा म्हैने बघू."

पुष्पाबाई ताकाचं भांडं घेऊन दारात उभ्या होत्या. एकावन्न वर्षं झाली होती लग्नाला. एवढ्या वर्षांत बाळंतपणं सोडली तर दोघं कधी महिनाभरसुद्धा वेगळे राहिले नव्हते. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. ताक वाट्यांत ओतलं, नवऱ्याची वाटी त्यांच्या डाव्या हाताला लावली आणि भिंतीला टेकून बसल्या.

गप्प बसायला कारण होतं, आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनाही खात्री नव्हती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब गोठ्यात कोसळले. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाय हळूहळू टेकायला लागला; बोलणं मात्र आलं नाही. तोंडातून निघायचं ते "हां" नाहीतर "बा बा बा". दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, कळतं किती आणि कळत नाही किती, हे आत्ताच सांगता येत नाही. त्या एका वाक्यावर सगळं घर बसलं होतं. दसऱ्याला काकासाहेबांनी डाव्या पायातली चप्पल उजव्यात घातली आणि ती निघेना म्हणून ढसाढसा रडले. तेव्हापासून पुष्पाबाईंच्याही मनात येऊ लागलं, की ह्यांच्या आतलं माणूस गेलं तर नाही? नवऱ्याबद्दल असं मनात येतं याचीच त्यांना लाज वाटायची.

ताटं उचलली तसं मीनानं मधल्या खोलीत सतरंजी टाकली. मीना राधेश्यामची मुलगी, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हॉस्टेलवरून येताना ती एक मोठा पुठ्ठ्याचा डबा घेऊन आली होती. त्यात सहा कोनांचे रंगीत तुकडे, लाकडी घरं, रस्त्याच्या काड्या, मालाचे पत्ते आणि दोन फासे होते. तुकडे मांडले की एक बेट तयार व्हायचं. कुठं रान, कुठं विटांची माती, कुठं गव्हाचं शेत. प्रत्येक तुकड्यावर एक आकडा; फाशांवर तो पडला की तिथं ज्याचं घर त्याला त्या मालाचा पत्ता. त्या बेटावर वस्ती करायची, रस्ते टाकायचे, माल एकमेकांत बदलून घ्यायचा. ज्याचे दहा गुण आधी होतील तो जिंकला.

"चौथा गडी पाहिजे," मीना म्हणाली. "मम्मी, ये ना."

"माझं डोकं दुखतंय गं."

"मग आबा खेळतील."

राधेश्यामनं तिच्याकडं पाहिलं. "मीना, काहून त्यांना तरास? त्यांना काय कळतंय त्यातलं?"

"मी आहे ना शेजारी. आणि सवलतीचे नियम घेऊ." तिनं डब्यातलं पुस्तक उघडून शेवटचं पान काढलं. "हे बघा. हे ऐच्छिक नियम. वाटलं तर घ्यायचे, नाहीतर नाही. फक्त सगळ्यांनी मिळून आधी ठरवायचं."

"पत्त्यावानी," पुष्पाबाई म्हणाल्या. "आमच्या माहेरात बदामसातला येगळा कायदा आन् इथं येगळा."

"अगदी तसंच, आजी. आता, फाशांवर सात पडले की चोर उठतो." मीनानं काळी बाहुली दाखवली. "ज्याच्या शेतात चोर बसला त्याला तिथला माल मिळत नाही, आणि त्याचा एक पत्ताही जातो. पण सवलतीचा नियम असा, की नवख्या गड्यावर चोर न्यायचा नाही. आणि फाशांवर नवख्याला काही मिळालं नाही, तर त्याला एक पत्ता फुकट."

"मंग मी बी नवखाच की," रामप्रसाद म्हणाला.

"तुम्हाला नाही काका. फक्त आबांना."

कुणाची हरकत नव्हती. आजारी माणसाच्या खेळात हरकत कोण घेतं?

काकासाहेबांना सतरंजीजवळ आणून मागं लोड लावला. पांढरी घरं त्यांच्यासमोर ठेवली. मीना हळूहळू सांगत होती, की सहा आणि आठ हे आकडे फार वेळा पडतात, दोन आणि बारा क्वचित. मग तिनं बोटानं एक जागा दाखवली. "आबा, पहिलं घर इथं ठेवा."

काकासाहेबांनी तिचं बोट बाजूला सारलं. बेटाकडं बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हातानं घर उचलून दुसरीकडंच ठेवलं. एका बाजूला सहाचं लाकूड, एका बाजूला आठची वीट, तिसरीकडं गहू.

"अरे वा," मीना म्हणाली. "ही माझ्यापेक्षा चांगली जागा आहे."

"पडली चांगली जागा नशिबानं," राधेश्याम हसला.

पुष्पाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

खेळ रंगला. काकासाहेबांचे पत्ते वाढत गेले, तीन घरं झाली. फासे पडून काही मिळालं नाही की मीना एक फुकटचा पत्ता त्यांच्यापुढं ठेवायची. मग राधेश्यामला सात पडले. त्यानं चोर उचलला आणि भावाच्या विटांवर बसवला.

"माझ्यावर काहून?" रामप्रसाद उसळला. "पुढं तर आबा हायेत!"

"आबांना सवलत हाय."

काकासाहेबांनी हात लांब केला. चोर उचलला आणि स्वतःच्याच शेतात, आठच्या विटांवर नेऊन ठेवला.

राधेश्यामनं चोर परत उचलून भावाकडं ठेवला. त्याचा चेहरा पडला होता. "बघितलं का दादा? सोताच्याच घरात चोर घेऊन राह्यले. काय कळायचंय त्यांना? म्हणून म्हणतो मी, आता जास्त आशा धरू नका."

काकासाहेबांनी चोर पुन्हा उचलला, पुन्हा स्वतःच्या शेतात ठेवला. या वेळी जोरानं; शेजारची दोन घरं आडवी झाली. "बा बा बा," ते म्हणाले. कपाळावरची शीर फुगली होती. मग त्यांनी पुढ्यातल्या पत्त्यांतले पाच पत्ते एकेक करून वेगळे काढले आणि मीनाकडं ढकलून दिले.

"हे काय, आबा? हे तुमचेच आहेत."

पुष्पाबाई त्यांच्याकडं बघत होत्या. हा चेहरा त्यांनी पूर्वी पाहिला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. पिंपळगाव रेणुकाईच्या यात्रेत ह्यांची कुस्ती होती. समोरचा गडी ओळखीचा निघाला, नवीन लग्न झालंय म्हणून मुद्दाम खाली पडला. मानाचा नारळ ह्यांनी तिथंच मातीत ठेवला होता आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

"मीना," त्या म्हणाल्या, "तू त्यांना फुकटचे पत्ते किती दिलते?"

मीनानं आठवून पाहिलं. "पाच."

"आन् त्यांनी माघारी किती दिले?"

मीनानं पत्ते मोजले नाहीत. मोजायची गरजच नव्हती. ती आजोबांकडं पाहत राहिली.

"त्यांना समजंना म्हणून न्हाई चोर घेतला त्यांनी," पुष्पाबाईंचा आवाज चढला. "त्यांना माफी नको हाय! समद्यांला जो कायदा तोच त्यांला. तुम्ही त्यांना लेकरावानी खेळवून राह्यले, त्याचा राग आलाय त्यांला."

"हां!" काकासाहेब म्हणाले. "हां!"

आत नंदाच्या हातून भांडं निसटलं. सुरेखा डोकेदुखी विसरून दारात आली. रामप्रसाद मान खाली घालून काड्या सरळ करत होता, पण त्याचे डोळे भरले होते.

"मग सवलत रद्द," मीना म्हणाली.

"मधीच कसा बदलता येईल नियम?" राधेश्याम म्हणाला, तरी त्याचा सूर पहिल्यासारखा नव्हता. "तूच तर म्हणाली, आधी ठरवायचं."

"मंग डाव मोडा," पुष्पाबाई म्हणाल्या. "नव्यानं मांडा."

त्यांनी असा हुकूम सोडलेला या घरानं फारसा ऐकला नव्हता. डाव मोडला.

दुसऱ्या डावात चोर सगळ्यांकडं फिरला. काकासाहेबांकडं तर दोनदा. पत्ता गेला की ते डाव्या मुठीनं गुडघ्यावर मारायचे आणि पुढचं बघायचे. पण अडचण वेगळीच आली. हा खेळ सौद्याचा. "मला गहू दे, मी तुला लाकूड देतो," असं बोलल्याशिवाय गाडी पुढं जाईना. काकासाहेबांना काहीतरी पाहिजे होतं. ते रामप्रसादच्या पत्त्यांकडं बोट करायचे, "बा बा" करायचे. रामप्रसाद विचारायचा, "गहू का? दगड का?" तोवर काकासाहेब रागानं मान फिरवायचे. दोनदा तसंच झालं. तिसऱ्यांदा त्यांनी हातातले पत्ते खाली टाकले आणि खिडकीकडं तोंड केलं.

"ऱ्हाऊ द्या," राधेश्याम हळूच म्हणाला. "थकले ते."

"थांब," पुष्पाबाई उठल्या. त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं हे आधी कसं सुचलं नाही. दोरीवरचा नवऱ्याचा पांढरा रुमाल त्यांनी ओढून आणला, चांगला हातभर लांब. "भोकरदनच्या बैलबाजारात काय तोंडानं सौदा करायचे का हे?"

रामप्रसादच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "आई, बरोबर! रुमालाखाली!"

"म्हणजे?" मीनाला काही कळेना.

"अगं, बैलाचा भाव असा मोठ्यानं सांगत न्हाईत," रामप्रसाद सांगू लागला. "घेणाऱ्याचा हात आन् देणाऱ्याचा हात, वरून रुमाल. खाली बोटं धरायची. कोणतं बोट, किती बोटं, त्याच्यावर भाव. भवताली शंभर माणसं उभी असूंद्या, कुणाला पत्ता लागत न्हाई. चार गावचे लोक आबांना बैल घ्यायला संगं न्यायचे. मी ल्हान होतो तव्हा मागं मागं जायचो."

मीना मांडी ठोकून बसली. "हाच नियम घेऊ! या डावात कुणी तोंडानं सौदा करायचा नाही. सगळ्यांचा सौदा रुमालाखाली."

"समद्यांचा?" पुष्पाबाईंनी खात्री करून घेतली.

"सगळ्यांचा. नाहीतर ती परत सवलतच होईल."

तिनं वहीच्या पानावर लिहिलं. एक बोट लाकूड, दोन बोटं वीट, तीन मेंढी, चार गहू आणि मूठ म्हणजे दगड. आधी काय देणार ते, मग थांबून काय पाहिजे ते. पान मधोमध ठेवलं. काकासाहेबांना अक्षरं आता लागत नव्हती म्हणून तिनं शेजारी चित्रं काढली. मेंढीचं चित्र पाहून नंदा म्हणाली, "ही मेंढी हाय का उंदीर?" आणि त्या दिवशी पहिल्यांदा घरातले सगळे एकदम हसले.

त्यानंतरचा तास पुष्पाबाई पुढं कित्येकदा मनात घोळवत राहिल्या.

रुमाल पडला की काकासाहेब डोळे अर्धे मिटायचे. चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसायचं नाही. आयुष्यभर हा धंदा उजव्या हातानं केला होता. आता डावा नवशिका होता, एखाद वेळी चुकायचा. चुकला की ते रुमाल झटकून पुन्हा सुरुवात करायचे. रामप्रसादशी सौदा पटकन व्हायचा. मीना बोट धरता धरता खिदळायची. राधेश्यामला मात्र ही विद्या आलीच नव्हती. दहावीनंतर तो शिकायला बाहेर गेला तो गेलाच. बाजाराला थोरला जायचा.

"दाखवा आबा," तो म्हणाला आणि त्यानं हात रुमालाखाली घातला.

बराच वेळ झाला. राधेश्यामच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग भुवया वर गेल्या. "आबा... लई जोर हाय की तुमच्या बोटांत," तो म्हणाला. दवाखान्यातून घरी आणल्यापासून त्यानं बापाचा हात एकदाही धरला नव्हता, हे पुष्पाबाईंच्या आत्ता लक्षात आलं. कदाचित त्याच्याही. रुमाल निघाला तेव्हा त्यानं दोन विटा देऊन एक मेंढी घेतली होती.

दोन फेऱ्या झाल्या न झाल्या, काकासाहेबांनी त्याच विटांनी रस्ता टाकला आणि राधेश्यामची समुद्राकडची वाट बंद केली.

"आयला!" राधेश्याम ओरडला. "माझ्याच विटा! माझ्याच विटांनी मलाच अडवलं!" तो हसत होता आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. "दादा, काहीच्या काही म्हातारा हाय हा. ह्याला काय बी झालेलं न्हाई."

डाव काकासाहेबांनी जिंकला नाही. रामप्रसाद दहावर पोचला तेव्हा ते नवावर होते. त्यांनी कपाळाला हात लावला, मग मीनाचं बोट धरून बेटावरच्या एका कोपऱ्यावर टेकवलं. तिथं घर बांधायला हवं होतं, चुकलं. आणि कुणी काही म्हणायच्या आत ते डाव्या हातानं तुकडे गोळा करू लागले. तिसरा डाव मांडायला.

राधेश्याम उठून ओट्यावर गेला. समोर कापसाच्या गंजीवर ताडपत्री टाकलेली होती, तिच्याकडं बघत उभा राहिला. सुरेखा त्याच्या मागं गेली. दोघं काय बोलले ते पुष्पाबाईंना ऐकू आलं नाही. नुसती सुरेखाची मान हलताना दिसली. परत आला तो सरळ सतरंजीवर, बापासमोर मांडी घालून बसला.

"आबा, मी तुम्हाला इचारलंच न्हाई," तो म्हणाला. "दोन म्हैने झाले, तुम्हाला कुणीच काही इचारलं न्हाई. चुकलं आमचं. आता इचारतो. संभाजीनगरला याल का? तिथं हात सुधरंल, बोलणं बी येईल कदाचित. यायचं का?"

काकासाहेबांनी मान डोलावली. सावकाश, पण पक्की.

"मंग मंगळवारी निघू."

काकासाहेबांनी हात वर केला. दोन बोटं.

"दोन दिसांनी?" नाही. "दोन म्हैने फक्त?" त्यांनी जोरात मान हलवली. दोन बोटं तशीच धरून ते जीव एकवटून ओठ हलवू लागले. चेहरा लाल झाला. "जो..." ते म्हणाले. "जो... जो..."

कुणीही मधे शब्द सुचवला नाही. मीना उठायला लागली होती, तिला नंदानं खांद्याला धरून खाली बसवलं.

"जोडी," काकासाहेब म्हणाले.

आणि दोन बोटांतलं एक त्यांनी बायकोकडं वळवलं.

रामप्रसाद मोठ्यानं रडायला लागला. "बैलाची जोडी हे कव्हाच फोडून देत न्हवते," तो हुंदक्यांतून म्हणत होता. "कितीबी भाव येऊ द्या. फोडून न्हाई म्हंजे न्हाई."

पुष्पाबाईंनी पदर तोंडावर घेतला होता. सुरेखा त्यांच्याजवळ येऊन बसली. "आत्याबाई, तुम्ही बी सांगा. तुम्हाला तरी कुणी इचारलं का?"

पुष्पाबाईंनी पदर खाली केला. आधी नंदाकडं पाहिलं, कारण बोलायचं तिच्याशीच होतं.

"नंदा, मी जाते बाई ह्यांच्यासंगं. तुला तरास व्हईल, मला कळतं. पण मी न्हाई ऱ्हायची इथं."

नंदाचं तोंड उतरलं. घर, अंगणवाडी, वेचणीवाल्या बायांची भाकर, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. मग नाक ओढून म्हणाली, "जा. दुपारपस्तोर शेजारच्या झुंबरबाईला बसवीन घरी. आन् तुमच्या लेकाला भाकरी थापायला शिकवते. दहा गुण करता येतात, मंग भाकर काहून येणार न्हाई?"

"मी?" रामप्रसादचं रडणं तिथंच थांबलं.

"आन् दोन खोल्यांचं?" राधेश्याम बायकोकडं वळला.

"मीना हॉस्टेललाच असते. तिचा पलंग आत्याबाईंना," सुरेखा म्हणाली. "झालं. इतकं काय त्यात?"

मंगळवारी सकाळी गाडी निघाली तेव्हा नंदानं पिशव्यांवर पिशव्या चढवल्या. गव्हाचं पीठ, तूर, लोणच्याची बरणी, दोन गोधड्या. राधेश्याम म्हणत राहिला, "वैनी, तिकडं समदं भेटतं." ती ऐकत नव्हती. भोकरदन मागं पडलं तसं काकासाहेब काचेतून बाहेर बघत बसले. पुष्पाबाई शेजारी होत्या, आणि त्यांना आठवत होतं त्याप्रमाणे एवढ्या लांबच्या प्रवासाला दोघं खेटून बसून जायची ही पहिलीच वेळ होती. पूर्वी हे नेहमी पुढं, ड्रायव्हरजवळ बसायचे.

दुसऱ्या दिवशी राधेश्याम त्यांना सेंटरवर सोडून कामाला गेला. तिथली मुलगी तरतरीत होती, पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र. तिनं जुने कागद चाळले, वहीत तारीख घातली, आणि खुर्ची ओढून पुष्पाबाईंसमोर बसली.

"आजी, आजोबांना किती कळतं? आपण बोललेलं समजतं का त्यांना? रागावतात का? जेवण स्वतः करतात?"

पुष्पाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. ते त्या मुलीच्या वहीकडं बघत होते, मान जरा तिरकी करून.

"माझ्याकडं काहून तोंड करून बसली, बाई?" त्या म्हणाल्या. "त्यांनाच इचार. येळ लागंल. थांबायचं."

मुलगी ओशाळली. मग तिनं उठून खुर्ची उचलली आणि काकासाहेबांच्या समोर नेऊन ठेवली.